भाऊरावांची पाव्हनी

ओळख होऊन दोन मिनिटं झाली, की भाऊराव सदऱ्याची बाही वर सारत आणि समोरच्याला दंड दाखवून म्हणत, "दाबून पायजो बरं."

दंडावर लिंबाएवढी गाठ होती. कातडीखालची नुसती चरबी. दुखत नसे, खुपत नसे. बोट ठेवलं की इकडून तिकडे सटकायची. भाऊराव तिला 'पाव्हनी' म्हणत. "बिनभाड्यानं राह्यते, पन तरास नाई तिचा."

सेलूच्या बसस्टँडजवळ त्यांचा पानठेला होता. मी मास्तर, त्यांच्या शेजारच्या घरात भाड्यानं राहायचो. भाऊरावांना मूलबाळ नव्हतं आणि बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. ठेल्यावर आलेलं गिऱ्हाईक आधी गाठ दाबायचं, मग पान सांगायचं. मॅट्रिकची पोरं तर पेपरला जाताना हमखास दाबून जात. एक नापास झाला, तर भाऊरावांनी त्यालाच झापलं, "काऊन, जोरानं दाबली नसन तू!"

पुढे एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास गाठ पेरूएवढी झाली. बाही चढेना, तेव्हा भाऊरावांनी शिंप्याकडून डावी बाही ढगळ शिवून घेतली. "पाव्हनीची खोली वाढवली," म्हणाले. मला मात्र काळजी वाटू लागली. शेवटी एक दिवस त्यांना जवळजवळ ओढतच वर्ध्याला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली. "चरबीच आहे, भिण्यासारखं काही नाही. लगेच काढून टाकू."

ते सुई भरायला वळले आणि इकडे भाऊराव पसार! शोधत गेलो, तर स्वारी बसथांब्यावर, सदऱ्याची एकच बाही घातलेली.

मी भडकलो. "एवढ्याशा सुईला भ्यालात?"

"सुईले नाई भेत जी, गुरुजी." ते रस्त्याकडे पाहत राहिले. "तुमची वहिनी गेली तवापासून माह्या आंगाले हात कोन लावते? लोकं पान घेतेत, पैसे ठेवतेत, निंगून जातेत. हे पाव्हनी हाय म्हनून दोन बोटं तरी लागतेत. काढली तं मंग?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

बस आली. आम्ही शेजारी शेजारी बसलो. पवनार मागे पडल्यावर भाऊरावांनी हळूच बाही वर सारली.

"दाबून पायजा बरं, गुरुजी. रागावली तं नाई ना?"

मी दाबली. ती नेहमीसारखी सटकली. सेलू येईपर्यंत मी हात तिथेच ठेवला.