पाठमोरी पोरगी

भांडणं मिटवण्यात माझा हात धरणारा आमच्या सॉल्टबी गावात कोणी नाही. पबचा मालक आहे मी. दोघांना एका बाकावर बसवायचं, पुढ्यात ग्लास ठेवायचे, की झालं. म्हणून तर ते फोटोचं प्रकरण मी अंगावर घेतलं.

फोटो पबच्या भिंतीवरचा. पन्नासेक वर्षांपूर्वी आमच्या खाडीत मुलांच्या एका साहसपटाचं शूटिंग झालं, त्यातला. दोन वेण्यांची पोरगी चाच्यांपासून जीव वाचवत होडी वल्हवतेय. दिसते फक्त पाठ.

ती पाठ माझी, असं म्युरिएल म्हणते. माझी, असं डॉरीन म्हणते. त्यापायी दोघींचं बोलणं बंद. इतकं, की चर्चमधल्या चहाला दोन किटल्या लागतात.

"सोपं आहे," मी म्हणालो. "आळीपाळीने होडी वल्हवा. मी फोटो काढतो. जिची पाठ जुळेल, तिचं नाव भिंतीवर."

रविवारी जेवणं उरकून अख्खं गाव धक्क्यावर. म्युरिएलच्या वेण्या म्हणजे उंदराच्या शेपट्या. डॉरीनच्या तर नातीच्या लाकडी घोड्याच्या आयाळीतून कापलेल्या होत्या.

दोघी होडीत बसल्या. म्युरिएलने वल्ही मारली आणि होडी जागच्या जागी फिरू लागली, पिठात पळी फिरावी तशी.

"उलटं वल्हवतेस तू," डॉरीन म्हणाली. कित्येक वर्षांतलं पहिलं वाक्य.

"मग घे तूच."

जागा बदलायला दोघी एकदम उठल्या. होडी कलली, वल्हं पाण्यात पडलं आणि ओहोटीबरोबर स्वारी समुद्राकडे निघाली. दोघींनी मिठी मारली एकमेकींना, शिव्या घातल्या मला.

माझ्या शेजारी म्युरिएलचा नवरा क्लिफर्ड उभा होता. हा गृहस्थ बिअर मागण्यापुरतंच तोंड उघडतो. त्याने बूट काढले, पाण्यात शिरला, वाहतं वल्हं पकडलं आणि होडीत चढून सपासप वल्हवत किनाऱ्याकडे आला. वल्हवणारा उलटा बसतो, त्यामुळे आमच्याकडे पाठ. डावा खांदा जरा खाली, मान तिरकी. मी फोटो काढला आणि पबमध्ये जाऊन भिंतीवरच्या फोटोशेजारी धरला. हुबेहूब.

"मीच आहे तो," क्लिफर्ड टॉवेल गुंडाळून म्हणाला. "पोरींपैकी कुणाला वल्हवता येईना. मला फ्रॉक चढवला, वेण्या चिकटवल्या. शाळेत कळलं असतं तर पोरांनी जगू दिलं नसतं."

"अरे, पण लग्नानंतर तरी बायकोला सांगायचंस."

"ती इतक्या हौसेने सांगत असायची सगळ्यांना."

दोघींनी फोटो पाहिले. मग एकमेकींकडे पाहिलं.

"चाळीस वर्षं ही पाठ बघतेय मी," म्युरिएल म्हणाली. "रोज रात्री माझ्याकडे करून घोरतो. फोटोतली ही नव्हेच."

"मुळीच नव्हे," डॉरीन म्हणाली.

आता दोघी एकाच बाकावर बसून क्लिफर्डला खोटारडा म्हणतात. म्हणजे भांडण मी मिटवलंच. फक्त क्लिफर्ड हल्ली पलीकडच्या गावातल्या पबमध्ये जातो. तिथे तो सिनेमातल्या आपल्या कामाबद्दल भरपूर बोलतो म्हणे, आणि गर्दीही बरी असते.