'त्सुबामे' गावात कधी मिळणार?

जी वस्तू जिथे तयार होते, तिथल्या माणसाला ती सहजासहजी मिळू नये, हे प्रगत समाजाचं लक्षण आहे. जिथे प्रगती पोचलेली नाही, तिथे झाडाखाली बसलेला माणूस त्याच झाडाचं फळ खातो. जपानमधल्या आमच्या किरिहामा गावात असला अडाणीपणा चालत नाही. इथे 'त्सुबामे' नावाची दोन आसनांची स्पोर्ट्स कार तयार होते, कारखान्याच्या फाटकातून ट्रेलरवर चढून निघते, आमच्याच दारावरून बंदरात जाते आणि जहाजातून परदेशी रवाना होते. गावाला दर्शन रोज घडतं, स्पर्श मात्र नाही. (देवाकडेही आपण यापेक्षा जास्त मागत नाही.)

मी ओगुरी, कंपनीच्या इथल्या शोरूमचा उपव्यवस्थापक. आमच्याकडे त्सुबामे सोडून सगळं मिळतं: पिवळ्या नंबरपाटीच्या छोट्या घरगुती गाड्या, वायपर, दारात फुकट वाटायची टिश्यूची पाकिटं. भिंतीवर त्सुबामेचं मोठं चित्र आहे. त्याखाली 'चौकशी करू नये' असं लिहिलेलं नाही, कारण ते उद्धट दिसलं असतं.

त्यामुळे मोरिवाकी-सान चौकशी करायचे. नगरपालिकेत 'नागरिकांच्या सूचना' नावाच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी सरली. आता निवृत्त. अधूनमधून इस्त्री केलेला कोट घालून यायचे आणि चित्रासमोर उभे राहायचे. येत्या वसंतात त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्या दिवशी गाडी चालवायचा परवाना पोलिसांना परत करीन, असा शब्द त्यांनी मुलीला दिला होता. त्याआधी एकदा, बायकोला शेजारी बसवून, समुद्राकाठच्या रस्त्याने दीपगृहापर्यंत ही गाडी न्यायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

"जागा तयार आहे, ओगुरी-सान," ते म्हणायचे. "बायकोही तयार आहे. आता फक्त तुमची गाडी."

जागेचं असं, की गाडी घेण्याआधी ती ठेवायला जागा आहे हे आमच्याकडे पोलिसांना दाखवावं लागतं. मोरिवाकी-सान शिस्तीचे. गाडी विक्रीला येण्याआधीच त्यांनी परसातला मुळ्याचा वाफा सपाट करून त्यावर पांढरे पट्टे मारले. त्यांची बायको हात्सुए-सान एकदा त्यांना शोधत शोरूममध्ये आल्या आणि सगळ्यांदेखत कडाडल्या, "अहो, माझे मुळे गेले आणि गाडीचा पत्ता नाही! यंदा लोणचं कशाचं घालू? पट्ट्यांचं?"

मी मुख्यालयाला रीतसर विचारलं. मुख्यालयाने लगेच स्थानिक मागणीची शास्त्रशुद्ध पाहणी केली. शोरूममध्ये येणाऱ्यांपैकी अठ्ठेचाळीस टक्के लोक टिश्यूसाठी येतात, सव्वीस टक्के स्वच्छतागृहासाठी, पंचवीस टक्के बस येईपर्यंत टेकायला. उरलेला एक टक्का म्हणजे मोरिवाकी-सान. (एकट्या माणसाला अख्खा टक्का दिला, हा कंपनीचा मोठेपणा.) यावरून उत्तर आलं, 'स्थानिक विक्रीबाबत पुढे तोंड करून विचार करत आहोत.'

'नाही' हा शब्द आमच्या भाषेत आहे, पण तो पाहुण्यांच्या चादरीसारखा कपाटातच असतो. 'विचार करू' म्हणजे नाही. 'पुढे तोंड करून विचार करू' म्हणजेही नाहीच, पण चहा घेऊन जा. तोंड पुढे, पाय जागच्या जागी. मोरिवाकी-सानांनी तर हेच वाक्य जन्मभर त्या खिडकीतून वाटलेलं. तरी उत्तर ऐकून त्यांची कळी खुलली आणि ते सोबत आलेल्या हात्सुए-सानांकडे वळले.

"'पुढे तोंड करून' म्हटलंय, ऐकलंस का? मी लोकांना नुसतं 'विचार करू' म्हणायचो. तोंड पुढे करायचो ते क्वचितच."

"कुणाकुणापुढे करायचात, ऐकू तरी," हात्सुए-सान म्हणाल्या.

"ज्यांना नाही म्हणताना मला फार वाईट वाटायचं, त्यांच्यापुढे."

हात्सुए-सानांनी त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली. मलाही वाईट वाटलं. (नियमात बसेल तेवढं.)

पण कंपनी निर्दय नाही. तिने खरोखरच विचार केला. गावात झालेली गाडी गावातच विकली, तर लोक तिला गावठी म्हणणार. तीच समुद्र ओलांडून गेली, परक्या बंदरावर चार दिवस ऊन खाऊन परत आली, की परदेशी ठरते. याला उलटी आयात म्हणतात. अशा गाडीचं स्टिअरिंग चुकीच्या बाजूला असतं आणि टोल भरताना हात पलीकडे पोचत नाही, पण प्रतिष्ठा म्हणतात ती हीच. तेव्हा घोषणा झाली, त्सुबामे स्थानिक बाजारात येणार! फक्त आधी जाऊन येणार. कारखान्यापासून शोरूमपर्यंत मी रोज चालत जातो. गाडी तिथे पोचेपर्यंत वसंत सरला आणि उन्हाळा लागला.

मधल्या काळात मोरिवाकी-सानांनी शब्द पाळला. पोलिसांनी परवाना ठेवून घेतला आणि 'यांनी पूर्वी गाडी चालवलेली आहे' अशा अर्थाचं कार्ड दिलं. ते दाखवलं की बसचं तिकीट स्वस्त पडतं, आणि एखाद्या दुकानात नूडल्सवर एक अंडं जास्त घालतात.

गाडी आली त्या दुपारी दोघंही आली. कोटाला इस्त्री होती. हात्सुए-सानांनी डोक्याला नवा रुमाल बांधला होता, वाऱ्याने केस उडू नयेत म्हणून.

"चालवायची नाहीये, ओगुरी-सान," ते म्हणाले. "इंजिनही नको. नुसतं बसतो. मी स्टिअरिंगमागे, ही शेजारी." आणि दोन्ही हातांनी ते कार्ड माझ्यापुढे धरलं.

नियम स्पष्ट आहे: चालकाच्या आसनावर बसण्यास चालू परवाना आवश्यक. शोरूम रिकामं होतं. किल्ली माझ्या खिशात होती. बघायला कुणी नव्हतं, म्हणजे निर्णय मला एकट्याला घ्यावा लागला असता.

"मी मुख्यालयाला विचारतो," मी म्हणालो. "ते नक्कीच..."

"राहू द्या," मोरिवाकी-सान हसले. "उत्तर मला पाठ आहे."

दोघांनी वाकून नमस्कार केला. मी त्यांच्याहून जास्त वाकलो. मग ती दोघं बस थांब्याकडे गेली.

तुम्हाला माझा राग आला असेल. यायलाच हवा. किल्ली खिशात असताना माणूस असं वागतो तरी कसा? पण मला एक सांगा, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने तुमच्याकडे शेवटचं काय मागितलं होतं? फार मोठं नसेल. एकदा अमुक ठिकाणी घेऊन चल, एवढंच असेल. तुम्हीही काही 'नाही' म्हणाला नाहीत. 'बघू' म्हणालात.