काळ्या अंगठ्याचं पुस्तक

शेजारचा परब इंटरनेटवरच्या पुस्तकांवर अंगठ्याचे ठसे शोधतो. पॉवर टिलर म्हणा, मळणीयंत्र म्हणा, दुरुस्तीचं कसलंही पुस्तक सापडलं की पानं मोठी करून आधी डाग बघायचे. ग्रिसचा काळा ठसा असला तर पुस्तक खरं. स्वच्छ असलं की म्हणणार, "ह्ये कपाटातलं. मिस्त्रीच्या हातात गेलेलंच नाय."

परबाकडे शेत नाही. मुलुंडला दुसऱ्या माळ्यावर दोन खोल्या आणि कुंडीत कढीपत्ता. शेत गावी कुडाळकडे, थोरल्या भावाच्या ताब्यात. त्या दादाचं मशीन अडलं की फोन परबाला. आमची ही गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून मी दुपारचा परबाकडे पडीक असतो.

परवा ऐन चिखलणीत, भातलावणी तोंडावर असताना, दादाचा टिलर रुसला.

"इंजिन आरडता, पण चाका जाग्यार!" दादा फोनवर ओरडत होता. "शेतातला पाणी उतारता हा. रोपा पिवळी पडाक लागली. बघ लवकर!"

परब मोबाईलवर टिलरचं पुस्तक शोधायला लागला. एका साईटने आधी कार्डाचा नंबर मागितला. दुसरीवरचं पुस्तक चिनी. तिसरीवर क्लचचं पानच गायब. चौथीवर कंपनीचं पुस्तक मिळालं, पण एकही डाग नाही म्हणून परबाने ते बाजूला टाकलं. परब मोबाईल घेऊन खोलीभर फिरतोय, "वाट लागली, वाट लागली" चाललेलं.

शेवटी ठसेवालं पुस्तक गावलं. परब खूश. क्लचची तार जास्त ताणली गेली असणार, तिला जरा ढील द्यायची. किती द्यायची तो आकडा पानावर होता. आणि ग्रिसचा डाग बरोबर त्याच आकड्यावर, आकडा दिसेचना!

"अरे, मघाशी कंपनीचं पुस्तक आलं होतं ना, ते उघड की," मी म्हटलं.

"ते कोरं आहे."

"कोरं असू दे, नायतर काळं. तिकडे रोपं मरतायत! मी सातवी नापास, पण मलासुद्धा कळतं."

परबाने नाक मुरडत ते उघडलं. दादाला मशीनवरच्या पाटीचा चिखल पुसायला लावला, नंबर ताडून बघितला, मग आकडा सांगितला. तिकडे पान्याची खडखड. मग इंजिन बोललं आणि दादा ओरडला, "चल्ला! चल्ला रे!"

"दादा, तेल बघितलंस? आणि ऐक, वहिनीचा गुडघा..."

"ठेव आता, पाणी जाताहा." फोन बंद.

परब मोबाईलकडे बघत राहिला.

"झालं ना काम? मग तोंड का पाडलंस?" मी विचारलं.

"पाडलं कुठे?" तो म्हणाला. "आता मळणीचा पट्टा तुटेपर्यंत दादा काय फोन करत नाय."

मी घरी जायला उठलो होतो. परत बसलो.