शंभर टक्के अचूक

यापुढे हवामानाचा एकही अंदाज चुकू द्यायचा नाही असं खात्याने ठरवलं, आणि शब्द पाळला. त्यासाठी नवी यंत्रं आणावी लागली नाहीत. फक्त एक परिपत्रक निघालं. तयार झालेला अंदाज आधी पडताळणी कक्षात ठेवावा, हवा त्याप्रमाणे वागते का ते पाहावं, आणि वागली तरच तो शेतकऱ्यांना कळवावा. न वागल्यास कागद फाडावा. पहिल्याच महिन्यात अचूकता शंभर टक्क्यांवर गेली आणि साहेबांचा सत्कार झाला.

बापू तिथे निरीक्षक होता. मंगळवारी दुपारी हवेचा दाब एकदम उतरलेला पाहून त्याने नियमाप्रमाणे लिहिलं, ‘उद्या सकाळपासून जोरदार पाऊस पडेल. कापलेलं पीक झाकून ठेवावं.’ कागद पडताळणी कक्षात देऊन तो खुर्चीत टेकतो न टेकतो तोच थोरल्या बहिणीचा फोन आला.

“बापू, सगळे मूग खळ्यावर पसरलेत रे. आणखी एक ऊन मिळालं की झालं. आत्ताच पोत्यात भरले तर बुरशी धरेल आणि भिजले तर वर्ष गेलं. उद्याचं काय ते सांग.”

“ताई, अंदाज पडताळणीत आहे.”

“मग कधी निघणार?”

“उद्याचा पाऊस पडून गेला की.”

“म्हणजे पाऊस आहे!”

बापूने जीभ चावली. साहेब समोरच बसले होते. “पाऊस मी उदाहरणादाखल म्हटलं. उद्याचं ऊन पडून गेलं की, असंही म्हणता येईल.”

“अरे मेल्या, तुला कडेवर घेऊन फिरले मी. तुझं नाक पुसलंय!”

“ऑफिसच्या वेळेत नाही पुसलंस, ताई.”

सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं, खोटं कशाला सांगा. पण गेल्याच महिन्यात शेजारच्या टेबलावरचा कारकून सासऱ्याला ‘छत्री घेऊन निघा’ एवढंच म्हणाला होता. त्याच्यावर अंदाज फोडल्याचा ठपका आला आणि जिथे मोजायला पाऊसच पडत नाही अशा केंद्रावर बिचाऱ्याला पाऊस मोजायला धाडलं. बापूने फोन ठेवला आणि लगेच घरी लावला. “अगं, गच्चीवरची गादी आत घे,” तो बायकोला म्हणाला. परिपत्रकात गाद्यांबद्दल काही म्हटलेलं नव्हतं.

तिकडे ताईने आभाळाकडे पाहिलं. लक्षण काही बरं दिसेना. पण आपला सख्खा भाऊ खात्यात आहे, पाऊस असता तर तो चकार शब्द न बोलता राहिला असता का? तिने मूग तसेच राहू दिले.

बुधवारी सकाळी पाऊस आला तो असा, की पन्हळींनाही दम खाता येईना. कार्यालयात पडताळणी सुरू झाली. साहेबांनी खिडकीबाहेर हात काढला. हात भिजला, पण एका हातावर निष्कर्ष काढणं नियमात बसत नव्हतं. दुसऱ्या अधिकाऱ्याचा हात रजेवर होता. तो गुरुवारी कामावर आला, तोवर पाऊस थांबला होता, म्हणून अधिकाऱ्याने तो अंगणातल्या डबक्यात बुडवून सही केली. मग सगळ्या शेतकऱ्यांच्या फोनवर संदेश गेला, ‘काल सकाळपासून जोरदार पाऊस पडेल. कापलेलं पीक झाकून ठेवावं.’

शुक्रवारी ताई आली आणि तिने पिशवी साहेबांच्या टेबलावर पालथी केली. मुगांना बोटभर मोड आले होते.

“वा! मोडाचं कडधान्य फार पौष्टिक,” साहेब म्हणाले आणि त्यांनी अभिप्रायाचा कागद पुढे सरकवला. “पाऊस पडला ना?”

“पडला.”

“मग अंदाज बरोबर आला. तिथे हो लिहा.”

“अहो, पण माझं वर्षभराचं...”

“त्यासाठी रकाना नाही, बाई.”

ताईने हो लिहिलं. खोटं कसं लिहिणार? मग ती भावाकडे वळली. “हे डोकं कुणाचं रे, बापू?”

बापूने साहेबांकडे पाहिलं. उत्तर साहेबांनी दिलं.

“लोकांचं. पूर्वी आमचे दहातले आठ अंदाज बरोबर यायचे. त्या आठांबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. दोन चुकायचे, त्यावर मात्र विनोद. ‘खातं पाऊस म्हणालं, चला, पापड वाळत घालू या!’ लाखो लोकांनी एकमेकांना पाठवला. वर बोभाटा झाला. लोकांना चूक नकोय, तर चूक बंद करा, असा हुकूम आला.” त्यांनी कपाटातून एक जाडजूड बाड काढलं. “ही तो विनोद पुढे पाठवणाऱ्यांची यादी. फाईलला जोडावी लागते.”

ताई पानं उलटू लागली. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं. तिचंच नाव होतं, आणि पुढे हसणारे तीन चेहरे. ती टेबलावरचे मूग एकेक करून पिशवीत भरू लागली, आणि बापू तिला मदत करायला उठला.

यादी अजून कार्यालयात आहे आणि कुणालाही पाहता येते. नावं ओळीने लावलेली आहेत, तेव्हा तुमचं सापडायला फार वेळ लागणार नाही.