उत्तरेकडची भिंत

रंगाचे नमुने टेबलावर पसरून विद्यापीठाचे अभियंता उभे होते. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार होती आणि त्याआधी सगळ्या इमारती रंगवून काढायच्या होत्या. कुलगुरूबाईंनी फारसं न बघता बदामी रंगावर बोट ठेवलं आणि पुढची फाईल ओढली.

"सुरुवात जुन्या प्रयोगशाळेपासून करतो," अभियंता म्हणाले. "तिची उत्तरेकडची भिंत फार कळकट झालीय. घासून लख्ख करून टाकतो."

बाईंचं पेन जागच्या जागी थांबलं.

त्या भिंतीवर दगडाला चिकटून वाढणारं दगडफूल होतं. राखाडी-हिरवं, कडेला किंचित केशरी, तळहाताएवढं. विद्यार्थिनी म्हणून बाई त्या प्रयोगशाळेत आल्या तेव्हा ते नाण्याएवढं होतं. वर्षभरात नखभरही वाढायचं नाही, पण बाई दरवर्षी भिंग आणि पट्टी घेऊन मोजायच्या. मोजता मोजता त्या प्राध्यापक झाल्या, विभागप्रमुख झाल्या, परदेशी परिषदांत बोलावल्या जाऊ लागल्या. नाव झालं तशा समित्या आल्या, समित्यांमागून ही खुर्ची आली, आणि खुर्चीत बसल्यापासून बाईंनी पडद्यांची कापडं पाहिली, उपाहारगृहाच्या तक्रारी पाहिल्या, बसच्या निविदा पाहिल्या. सूक्ष्मदर्शकात मात्र एकदाही पाहिलं नाही. उरलं होतं ते एवढंच. रविवारी सकाळी फिरायच्या निमित्ताने त्या मागच्या बाजूला जायच्या, गुडघे टेकायच्या आणि थोडा वेळ पूर्वीच्या व्हायच्या.

"ती भिंत राहू द्या," बाई म्हणाल्या.

"का, मॅडम?"

आता आली का पंचाईत! मागच्याच वर्षी एका निवृत्त प्राध्यापकांची बेडकांची खोली त्यांनी काढून घेतली होती. ते बिचारे काकुळतीला आले होते, आणि बाईंनी ऐकवलं होतं, "सर, विद्यापीठाची जागा म्हणजे कुणाचं खासगी संशोधन नव्हे." आता कुठल्या तोंडाने सांगणार?

"ती... जुनी आहे," बाई म्हणाल्या.

अभियंत्यांनी मान डोलावली. 'जुनी' हा शब्द जिना उतरेपर्यंत 'ऐतिहासिक' झाला. कुलसचिवांनी तो इतिहासाच्या विभागप्रमुखांच्या कानावर घातला. उभ्या हयातीत विद्यापीठाने त्यांना प्रथमच काहीतरी विचारलं होतं. त्यांनी रात्रंदिवस खपून टिपण लिहिलं: संस्थापकांनी विद्यापीठाचा पहिला विचार याच भिंतीला पाठ टेकून केला असावा. पुढे पितळी फलक तयार झाला. त्यावर 'असावा'ला जागा पुरली नाही.

"अगं, सरळ सांगून टाक ना," घरी नवरा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. दुखणारं लगेच उपटून टाकावं अशा मताचा. "म्हणावं, माझं दगडफूल आहे तिथे."

"आणि बेडूकवाल्या सरांना काय सांगू? तुमचे बेडूक खासगी आणि माझं दगडफूल सरकारी?"

"मग काय करणार आहेस?"

"गप्प बसणार आहे. विसरतील सगळे आपोआप."

पण ते कुणी विसरलं नाही. भिंतीभोवती लोखंडी कठडा आला. प्रखर दिवे लावायचं ठरलं तेव्हा बाई घाबरून म्हणाल्या, "दिवे नकोत! तिला उष्णता सोसत नाही." दुसऱ्या दिवशी कुलसचिव भारावून सांगत होते, "मॅडम त्या भिंतीबद्दल माणसासारखं बोलतात हो!" मग शेजारच्या झाडामुळे फलक झाकला जातो म्हणून झाडावर कुऱ्हाड पडणार होती. बाईंनी बैठक अर्धी टाकून धावत जाऊन ते वाचवलं. सावली गेली असती तर दगडफूलही गेलं असतं. लोकांना वाटलं, संस्थापक त्याच झाडाखाली डबा खात असणार. फलकावर एक ओळ वाढली.

समिती आली. ग्रंथालय झालं, वसतिगृह झालं, आणि सगळी वरात भिंतीपाशी पोचली. इतिहासाचे प्रमुख घसा खाकरून सुरू झाले. बाई मागे उभ्या होत्या. सहज त्यांची नजर खाली गेली आणि डोळे लकाकले. केशरी कडेपलीकडे टाचणीच्या टोकाएवढा नवा ठिपका उमटला होता. नवं पिल्लू! इतक्या वर्षांत पहिलंच! त्या कठड्याच्या फाटकातून आत गेल्या आणि चक्क गुडघ्यांवर बसून भिंतीला नाक लावलं.

भाषण थांबलं. समितीच्या अध्यक्षांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा फलकाकडे, आणि अदबीने तेही खाली बसले. अध्यक्ष बसले म्हणून सदस्य बसले. सदस्य बसले म्हणून कुलसचिव, अभियंता आणि झाडून सगळे विभागप्रमुख चिखलात गुडघे टेकून बसले. बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "आलास का रे बाबा," त्या पुटपुटत होत्या. "किती वाट पाहायला लावलीस."

अध्यक्षांनी रुमालाने डोळे टिपले. गुडघे दुखल्यामुळे टिपले की भावनेने, ते कळलं नाही. पण अहवालात लिहून आलं: 'वारसा जपण्यात हे विद्यापीठ आदर्श. संशोधनाची आवड मात्र वरिष्ठांमध्ये कुठे दिसली नाही.'

अहवालाच्या आनंदात कुलसचिवांनी लगेच आदेश काढला: भिंतीजवळ कुणीही फिरकू नये. ढिगातल्या कागदांबरोबर बाईंनी त्यावरही सही केली.

रविवारी त्या भिंग घेऊन गेल्या तर फाटकाला कुलूप आणि नवा पहारेकरी. त्याने कडक सलाम ठोकला, पण कुलपाला हात लावला नाही.

"आत सोडता येणार नाही, मॅडम. आदेश आहे."

"कुणाचा?"

"तुमचाच."

"मग मीच सांगतेय, उघड."

"तोंडी नाही चालत, मॅडम. काल कुलसचिवसाहेबांना परत पाठवलं, तेव्हा तुम्हीच फोनवरून शाबासकी दिलीत."

ते खरं होतं; कशाबद्दल ते नीट न ऐकताच त्यांनी शाबासकी देऊन टाकली होती. बाईंनी पर्समधून कागद काढला, पायरीवर बसल्या आणि लिहू लागल्या. 'प्रति, माननीय कुलगुरू. दगडफुलाच्या निरीक्षणासाठी आत जाण्याची परवानगी मिळावी.' खाली सही केली. सहीखाली पद लिहायचं होतं. हात घुटमळला. मग सावकाश, शाळकरी पोरीसारखं एकेक अक्षर गिरवत त्यांनी लिहिलं, 'संशोधक'. किती दिवसांनी!

अर्ज स्वतःकडेच वळवून त्यांनी कोपऱ्यात शेरा मारला: 'मंजूर. अर्धा तास. अर्जदाराला पुढे बैठक आहे.'

पहारेकऱ्याने तो दोनदा वाचून कुलूप काढलं. "अर्धाच तास हं, मॅडम."

बाईंनी आत पाऊल टाकलं, थबकल्या आणि मागे फिरल्या. कागद घेऊन 'अर्धा' खोडलं, त्यावर 'दीड' लिहिलं.

"खाडाखोड केली की शेजारी कुलगुरूंची सही लागते," पहारेकरी म्हणाला.

"त्यांना कुठे शोधू आता?" बाई म्हणाल्या, आणि हसत हसत सही ठोकून आत गेल्या.