पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या

"यंदा प्रयोग चालू असताना प्रेक्षकांतून शिंकसुद्धा ऐकू येणार नाही!" विनायकराव खासनिसांनी मराठी मंडळाच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं आणि लगेच स्वतःच शिंकले. चंदीगडची मे महिन्यातली धूळ! ती काय कोणाच्या बापाचं ऐकते?

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. पंजाबातले दहशतवादाचे ते दिवस कसे होते ते मी सांगायला नको. रस्तोरस्ती नाके. डिकी उघडा, पिशवी उघडा, तोंड उघडा! तरी मंडळाने मैदानावरचा उन्हाळी नाट्यमहोत्सव काही सोडला नव्हता. पोलिसांची अट एकच, नऊच्या आत मैदान रिकामं झालं पाहिजे.

आदल्या वर्षी मात्र भलतीच फजिती झाली होती. आपल्या माणसांची सवय तुम्हाला ठाऊकच आहे. पाच वाजता यायचं, एका खुर्चीवर रुमाल टाकायचा, शेजारच्या चार खुर्च्यांवर ओढणी, छत्री, चपलेचा एक पाय असं काहीबाही ठेवायचं आणि घरी जाऊन निवांत चहा प्यायचा! नलिनीकाकूंनी तर चक्क थर्मास ठेवला होता. हवालदाराने तो बेवारस थर्मास पाहिला, शिट्टी फुंकली आणि अख्खं मंडळ दीड तास रस्त्यावर! मेडिकल इन्स्टिट्यूटचे डॉक्टर, चंडीमंदिर छावणीतल्या कर्नलीणबाई, तोंडाला रंग फासलेले नट, सगळे एका ओळीत उभे. शेवटी थर्मासमधून निघालं काय? कोकम सरबत!

म्हणून यंदा प्रेक्षक-शिस्त समिती नेमली आणि विनायकराव तिचे प्रमुख झाले. फाटकावर त्यांनी स्वतः रंगवलेला फलक लागला. वस्तू ठेवून जागा धरायची नाही, खुर्चीवर माणूसच हवा. बसलेल्या माणसाला कोणी उठवायचं नाही. तिसऱ्या घंटेनंतर फाटक बंद, मग आत कोणी येणार नाही आणि आतला कोणी जागेवरून हलणार नाही.

फाटकावरचे हवालदार नरेशसिंग म्हणाले, "और कोई वीआयपी आ गया तो?"

"मैं खुद आया तो भी नहीं छोडने का!" विनायकरावांनी छाती फुगवून सांगितलं.

आणि दोनच दिवसांनी ऑफिसात बातमी आली. मुंबईहून जनरल मॅनेजर विश्राम धारप तपासणीला येताहेत. सोबत पत्नी पद्मिनीबाई. आणि दोघंही नाटकवेडे!

विनायकरावांनी लगेच दोघांना प्रयोगाचं आमंत्रण देऊन टाकलं! कारण त्यांच्या सांगलीच्या बदलीचा अर्ज याच धारपांच्या टेबलावर पडून होता. सांगलीहून आईचा दर आठवड्याला ट्रंककॉल यायचा. "विनू, बातम्या ऐकल्या. आहात ना रे सगळे?" घरी सुमेधावहिनी रोज विचारायच्या, "अहो, यंदा तरी होणार ना बदली?" आणि विनायकराव रोज म्हणायचे, "पक्का!" आता हा पक्का खरा करायची वेळ आली होती. बेत असा, की साहेबांना पहिल्या रांगेत मधोमध बसवायचं आणि मध्यंतरात बटाटेवडा साहेबांच्या घशाखाली उतरत असतानाच बदलीचा विषय काढायचा.

पण खुर्च्या धरायच्या कशा? सुमेधावहिनी नाटकात सुनेचं काम करत होत्या, विनायकराव स्वतः फाटकावर. आणि रुमाल टाकायला तर त्यांनीच बंदी केलेली!

"खुर्चीवर माणूसच हवा ना? मग माणूसच ठेवू!" विनायकराव स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाले आणि खालच्या मजल्यावरच्या बीजींकडे गेले. बीजी म्हणजे सत्तरीच्या, पण आवाज असा खणखणीत, की त्यांनी हाक मारली तर पलीकडच्या सेक्टरातला भाजीवाला थांबायचा. सोबत त्यांचे यजमान, दारजी.

"बीजी, बस दो कुर्सियों पर बैठना है। हमारे साहब आएँगे तो उठ जाना।"

"लै, बैठणा तां मैनूं औंदा ए!" बीजी म्हणाल्या. म्हणजे, बसायला काय, ते तर मला येतंच!

प्रयोगाच्या दिवशी बीजी आणि दारजी पाच वाजताच मधोमध जाऊन बसले. साडेसहाला पहिली घंटा झाली. साहेबांचा पत्ता नाही! दुसरी झाली. तरी नाही! विनायकराव कासावीस होऊन फाटकाबाहेर रस्त्यावर गेले आणि टाचा उंचावून गाडी शोधू लागले. तेवढ्यात आत तिसरी घंटा झाली आणि नरेशसिंगांनी धाडकन फाटक लावलं.

दोन मिनिटांनी साहेबांची गाडी आली. वाटेत तीन नाक्यांवर डिकी उघडावी लागली होती.

"नरेशसिंगजी, खोलिए, खोलिए!"

"ना साब। आपने ही बोला था, मैं खुद आऊँ तो भी नहीं।"

"अहो, ते बोलण्यापुरतं होतं!" विनायकराव मराठीत ओरडले. नरेशसिंगांनी शांतपणे फलकाकडे बोट दाखवलं.

झालं! पहिला अंक साहेब, पद्मिनीबाई आणि विनायकराव या तिघांनी फाटकाबाहेर वाळूच्या पोत्यांवर बसून ऐकला. साहेब सारखं घड्याळ बघत होते. विनायकरावांना मात्र त्या घड्याळात सांगली स्टेशन लांब लांब जाताना दिसत होतं.

मध्यंतरात फाटक उघडलं. साहेबांच्या हातात वडा देऊन विनायकराव पहिल्या रांगेकडे धावले. "बीजी, साहब आ गए। उठिए!"

"ना पुत्तर! सस्स ने आप हार लुकाया ते नां नूंह दा लाया! हुण मैं किवें उठां?"

बीजींना मराठी ओ की ठो कळत नव्हतं, पण सासूने हार लपवून सुनेवर आळ घेतला, हे कळायला भाषा कशाला लागते! विनायकरावांनी हात जोडले, डोळे मोठे केले, दारजींना खूण केली. दारजींनी शेंगदाणे पुढे केले.

"काय हो विनायकराव," मागून नलिनीकाकूंचा आवाज आला, "बसलेल्या माणसाला उठवायचं नाही ना? की ते फक्त आमच्यासाठी?"

पहिली रांग खदखदून हसली. विनायकराव मुकाट्याने मागे फिरले आणि त्यांनी साहेबांना शेवटच्या रांगेत, बंदोबस्ताच्या जवानांच्या बाकावर नेऊन बसवलं.

दुसरा अंक रंगात आला. सासूने सुनेला नाही नाही ते बोल लावले आणि सुमेधावहिनी चक्कर येऊन कोसळल्या. कोसळल्याही काय झकास! मैदान चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत बीजी उठल्या.

"हाय रब्बा! कोई पाणी पियाओ कुड़ी नूं!"

कोणी हलेना, तेव्हा त्या स्वतःच रंगमंचावर चढल्या. त्यांना आवरायला मागून दारजी. बीजींनी तिथला तांब्या उचलला, तो रिकामा! "पाणी वी नहीं रखेया, डायणे!" असं म्हणून त्यांनी तो सासूवरच उगारला. सासूचं काम करणाऱ्या निशिगंधाताई माजघराच्या दारातून पार विंगेत पळाल्या. बेशुद्ध सुमेधावहिनी ओठ न हलवता कुजबुजत होत्या, "बीजी, नाटक है! नाटक!" प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

विनायकरावांचं लक्ष मात्र एकाच गोष्टीवर होतं. दोन्ही खुर्च्या रिकाम्या! त्यांनी साहेबांचं मनगट धरलं, त्यांना मधल्या वाटेने फरफटत नेलं आणि पहिल्या रांगेत दाबून बसवलं. पद्मिनीबाई वडा सावरत मागेच राहिल्या.

तोवर बीजी सुनेला न्याय मिळवून खाली उतरल्या. "एह मेरी कुर्सी ए, पुत्तर."

साहेब गडबडले. तेवढ्यात बॅटरीचा झोत आला. "तीसरी घंटी के बाद कौन हिला?" नरेशसिंग गरजले. दोनशे प्रेक्षकांनी एकदम साहेबांकडे बोट केलं.

"हिली तो बीजी भी!" साहेब कळवळून म्हणाले.

"बीजी तो नाटक में थीं," नरेशसिंग म्हणाले आणि कंपनीच्या जनरल मॅनेजरला दंडाला धरून फाटकाबाहेर घेऊन गेले. विनायकराव तेव्हा कुठे होते म्हणता? कनातीमागे, डोळे मिटून!

दुसऱ्या दिवशी सकाळी गेस्ट हाउसवरून बोलावणं आलं. विनायकराव देवाचं नाव घेत गेले आणि दाखवलेल्या खुर्चीच्या काठावर टेकले.

"खासनीस," साहेब म्हणाले, "काल माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी दंडाला धरून बाहेर काढलं."

"साहेब, मी..."

"थांबा! रात्रभर मी विचार करत होतो. नियम साहेबालाही लागू आहे, हे सगळ्यांना दिसावं म्हणून तुम्ही मुद्दाम मला पुढे नेऊन बसवलंत. हो ना? स्वतःच्या जनरल मॅनेजरला! काय ही छाती!"

विनायकराव खुर्चीच्या आणखी काठावर सरकले. खरं सांगावं, तर साहेबासाठी चोरून खुर्च्या धरल्या हे कबूल करावं लागणार. न सांगावं, तर...

"अशा दिवसांत चंदीगडचं ऑफिस सांभाळायला माणूस मिळत नाही हो! आणि तुमच्यासारखा पोलादी माणूस इथे असताना कोणीतरी खोडसाळपणाने तुमच्या नावाचा बदलीचा अर्ज पाठवला होता. मी तो फाडून टाकला!"

"साहेब, तो अर्ज..." विनायकराव ताडकन उठले.

"बसा, बसा!" त्यांच्या खांद्यावर प्रेमाने हात दाबत साहेब म्हणाले. "आता आणखी तीन वर्षं बसा!"