सराव चालू असताना खरी आपत्ती आणू नये

संकट कधी सांगून येत नाही, आणि ही संकटाची सर्वांत मोठी प्रशासकीय त्रुटी आहे. आगाऊ सूचना नाही, दिनांक नाही, योग्य मार्गे अर्ज नाही. ज्या कामाची पूर्वकल्पना नाही ते काम कोणतंही कार्यालय हाती घेत नाही, तेव्हा संकटाचं काम रखडलं तर तो दोष संकटाचाच. हे ओळखून नशिराबादच्या पुढे, हायवेपासून थोडं आत वसलेल्या तापीमाई विद्यापीठाने ठरवलं की यापुढे संकट आपणच आणायचं. वर्षातून एकदा, वेळ ठरवून, पाहुण्यांसमक्ष. याला शासकीय भाषेत 'सराव' म्हणतात.

या कामासाठी आपत्ती प्रतिसाद अधिकारी म्हणून इतिहास विभागाच्या डॉ. पितांबर नेरकरांची एकमताने निवड झाली. आदल्या वर्षी स्नेहसंमेलनाचा मांडव वाऱ्याने कोसळला, तेव्हा व्यासपीठावरचे सगळे मान्यवर उड्या टाकून पळाले होते आणि एकटे नेरकर सर खुर्चीत स्थिर बसून होते. (त्यांना झोप लागली होती. पण धैर्य आणि झोप यांत बाहेरून फरक दिसत नाही.) शिवाय इतिहास म्हणजे होऊन गेलेल्या आपत्तींचाच अभ्यास, होणाऱ्या आपत्तींसाठी वेगळा माणूस नेमायची गरज कुलसचिवांना वाटली नाही.

नेरकर सर मनापासून कामाला लागले. माणूस सरळ, पदाला जपणारा. घरीही ते सिलिंडरकडे, इस्त्रीकडे, माळ्यावरच्या पेट्यांकडे संशयाने पाहू लागले. त्यांच्या पत्नी ललिताताई एकदा म्हणाल्या, "अहो आपत्ती अधिकारी, गिझरची वायर जळाल्याचा वास येतोय, बघता का?"

"लेखी दे," सर म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

त्यांनी तयार केलेली योजना जाडजूड होती आणि तिची पाठ्यपुस्तकासारखी बांधणी करून प्रत्येक विभागात एकेक प्रत कुलूपबंद कपाटात सुरक्षित ठेवण्यात आली. योजनेचा पाया व्याख्येवर होता. घडलेली कोणतीही गोष्ट घोषणा होईपर्यंत 'प्रसंग' समजावी. प्रसंगाचं आपत्तीत रूपांतर करण्याचा अधिकार कुलसचिवांचा. ते बैठकीत असल्यास प्रसंगाने बाहेर थांबावं. एका वेळी एकाहून अधिक आपत्ती घोषित करता येणार नाहीत, कारण सायरन एकच आहे. पाहणीत असंही आढळलं की ब्याण्णव टक्के विद्यार्थ्यांना आपत्कालीन दरवाजा नेमका कुठे आहे हे ठाऊक आहे, ही समाधानाची बाब. (ते आपल्या मोटारसायकली त्यालाच टेकवून लावत.)

सरावाची तारीख जानेवारीतली ठरली. त्या दिवसांत भरीताची वांगी चांगली मिळतात, आणि मुंबईहून येणाऱ्या मूल्यमापक साहेबांनी खानदेशी भरीताबद्दल दोनदा चौकशी केली होती. सरावाची वेळ भरीताच्या आधीची ठेवण्यात आली. दृश्य असं योजलं होतं: विज्ञान इमारतीला आग लागते, सायरन वाजतो, एक विद्यार्थिनी जखमी होते, स्वयंसेवक तिला स्ट्रेचरवरून नेतात, टाळ्या.

एकच अडचण होती. विज्ञान इमारतीच्या सर्वांत वरच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ बसलं होतं. सुपाएवढं, काळसर, लोंबतं.

त्यावर समितीत साधकबाधक चर्चा झाली. मोहोळ इमारतीला चिकटलेलं असल्याने तो बांधकाम विभागाचा विषय आहे, असं प्राणीशास्त्रवाल्यांचं म्हणणं. माश्या जिवंत आहेत, तेव्हा त्या प्राणीशास्त्राच्या, असं बांधकाम विभागाचं. मध निघाला तर तो उपाहारगृहाकडे जमा करावा, यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत झालं. शेवटी इमारतीपाशी 'सावधान! वर मोहोळ आहे' अशी बारीक अक्षरातली पाटी लावली गेली. ती वाचण्यासाठी मोहोळाच्या बरोबर खाली येऊन उभं राहावं लागे.

गेटवरचा रखवालदार वना मूळचा नरडाण्याकडचा. नेरकर सरांनी जाता जाता त्याचंही मत घेतलं.

"काही व्हत नही सर," वना मान वर न करता म्हणाला. "थंडीमा माश्या सुस्त ऱ्हातस."

स्थानिक तज्ज्ञांशी विचारविनिमय झाला, अशी नोंद करून सरांनी तो विषय संपवला.

जखमी विद्यार्थिनी म्हणून निवड झाली ती अलफियाची. जळगावात पत्र्याचे कूलर बनवणाऱ्या इसाकभाईंची मुलगी, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. निवडीचे निकष दोन होते: वजन कमी असावं आणि आरडाओरडा खरा वाटावा. पहिल्यात ती सहज बसली. दुसऱ्यासाठी तिची चाचणी घेतली तेव्हा ती इतकी लाजली की तोंडातून आवाजच निघेना. "त्या दिवशी जमेल सर," ती म्हणाली.

स्ट्रेचरला पट्टे नव्हते. म्हणून तिला बांधण्याचं काम तेजसकडे देण्यात आलं. तेजस रावेरचा, घरी केळीचे ट्रक भरण्याचं काम, ताडपत्रीवर दोर आवळण्यात हात बसलेला. त्याने मारलेली गाठ दिल्लीपर्यंत सुटत नाही, अशी ख्याती. त्याने दोर घरूनच आणला.

ठरलेल्या दिवशी हिरवळीवर मंडप, मंडपात पाहुणे, पाहुण्यांच्या हातात गुलाबाचं फूल. समोर इमारतीच्या पायाशी अलफिया स्ट्रेचरवर निजलेली, कपाळावर टोमॅटो सॉस, हात-पाय आवळून बांधलेले. तिच्या बाजूला लोखंडी पिंपात ओला कडबा आणि टायरचा तुकडा. पाठीमागे मोठा फ्लेक्स: 'घाबरू नका, आम्ही आहोत.' त्यावर कुलसचिवांचा आणि नेरकर सरांचा हात जोडलेला फोटो.

पिंप पेटवलं. काळाभोर धूर भिंतीला धरून सरळ वर चढला. कुलसचिवांनी बटण दाबलं, सायरन किंचाळला. आणि मोहोळ उठलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. एका मुलाने मान झटकली, दुसऱ्याने स्वतःच्याच थोबाडीत मारली. मग "आई गं!" करत स्ट्रेचर उचलणारे चौघे चार दिशांना सुटले. वना गेटवरून ओरडला, "मोहोळ उठनं रे, बठ्ठा पळा!" आणि सगळ्यांना दिलेल्या स्वतःच्या आदेशाचं पालन करणारा तो पहिला ठरला. हिरवळीवर पळापळ, चपला, ओढण्या. मंडपाच्या समोरच्या बाजूला उन्हापासून पाहुण्यांचं रक्षण करण्यासाठी हिरवी जाळी लावली होती. त्या जाळीआडून मूल्यमापक साहेब बघत होते.

"अप्रतिम!" ते म्हणाले. "मुलांच्या चेहऱ्यावरची भीती बघा. पुण्यातसुद्धा इतकं जिवंत पाहिलं नाही."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांचे हात मोकळे नव्हते ते मोबाइलवर चित्रण करत होते.

अलफियाला आता जमलं होतं. ती जीव तोडून ओरडत होती. चेहऱ्यावर माश्या बसत होत्या आणि हात बांधलेले होते. "सर! सर, सोडा!" टाळ्या वाढल्या.

नेरकर सर ध्वनिक्षेपकापाशी उभे होते. पहिली माशी त्यांच्या कानाच्या पाळीला डसली तेव्हा त्यांना आपलंच कलम आठवलं: एका वेळी एकच आपत्ती. आगीची आपत्ती रीतसर घोषित झालेली, अजून चालू. माश्यांसाठी ती आधी मागे घ्यावी लागणार, मागे घ्यायला कुलसचिव हवेत, आणि कुलसचिव टेबलाखाली होते. हा एवढा विचार पुरा होईपर्यंत मुलीचा आवाज चिरकला. ओरडणं थांबून नुसतं हुंदक्यांसारखं काहीतरी उरलं.

मग सरांनी जे केलं त्याला योजनेत आधार सापडत नाही. त्यांनी फ्लेक्स दोन्ही हातांनी ओढून फाडला, धावत जाऊन तो अलफियावर डोक्यापासून पायांपर्यंत टाकला आणि गाठ सोडायला बसले. गाठ सुटेना. (तेजसने नंतर स्पष्ट केलं की गाठ मारणं त्याच्या गटाकडे होतं, सोडण्याचा गट वेगळा होता.) तेव्हा सरांनी स्ट्रेचरची एक बाजू धरली आणि मुलीसकट ते फरफटत ग्रंथालयाकडे ओढत नेलं. मानेवर, टाळूवर, पापणीवर डंख बसत होते. दगड आला की फ्लेक्सखालून कण्हणं येई. "झालं, झालं पोरी," सर म्हणत होते. काहीच झालेलं नव्हतं.

ग्रंथालयाचं काचेचं दार आतून बंद होतं. पलीकडे ग्रंथपाल हेमलताताई उभ्या होत्या.

"सर, हा सराव आहे की खरं आहे?" त्यांनी काचेतून विचारलं. "सरावात दार उघडायचं नाही असं परिपत्रक आहे. तुमच्याच सहीचं."

होतं. सरावाच्या वेळी मुलं ग्रंथालयात लपून बसतात म्हणून काढलेलं.

सरांनी काचेवर दोन्ही हात आपटले. "खरं आहे, हेमलताताई! खरं आहे हो!"

आपल्या नोकरीत सरांनी पुष्कळ गोष्टी प्रमाणित केल्या होत्या. पण इतक्या मोठ्याने, आणि खात्रीने, ही पहिलीच. हेमलताताईंनी क्षणभर त्यांच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि कडी काढली. आत गेल्यावर त्यांनी पुस्तकबांधणी करणाऱ्या माणसाची मोठी कात्री आणून दोर कापला. अलफियाचे ओठ सुजून बोलणं फुटत नव्हतं. तिने मोकळ्या झालेल्या हाताने आधी सरांच्या कॉलरवरची माशी उडवली.

तिला कुलसचिवांच्या गाडीतून जळगावच्या रुग्णालयात नेलं. रुग्णवाहिका होती, पण ती प्रदर्शनासाठी मांडलेली असल्याने तिच्यावर फुलांच्या माळा होत्या आणि चावी सत्कार समितीकडे होती. पोरगी वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

विद्यापीठात इकडे अहवाल तयार झाला. सराव अत्यंत यशस्वी. परिसर रिकामा होण्याचा वेग राज्यात सर्वोत्तम. विद्यार्थ्यांचा सहभाग उत्स्फूर्त. मूल्यमापक साहेबांनी भरीताबद्दलही चांगला शेरा दिला. अलफियाला 'उत्कृष्ट जखमी' असं प्रशस्तिपत्र मंजूर झालं. नेरकर सरांना मात्र कारणे दाखवा नोटीस आली: मान्यवरांच्या छायाचित्राची मोडतोड, सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेविना आपत्ती खरी असल्याचं जाहीर करणं, वरिष्ठांच्या वाहनाचा वापर, आणि मूल्यमापन पूर्ण होण्यापूर्वी जखमीस घटनास्थळावरून हलवणं.

दोन दिवसांनी इसाकभाई आले. अंगावर कामाचाच शर्ट, बाहीला पत्र्याचा गंज. कुलसचिवांनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

"साहेब, भांडायला नाही आलो," ते म्हणाले. "मधमाश्या तर खुदाच्या, त्यांना काय विचारणार. मला फक्त एवढंच सांगा, माझ्या पोरीला बांधलं कोणी होतं?"

"बांधणी उपसमितीने," कुलसचिव म्हणाले.

"आणि सोडणार कोण होतं?"

कुलसचिवांनी खुलाशासाठी बोलावलेल्या नेरकर सरांकडे पाहिलं. सरांचा एक डोळा अजून मिटलेलाच होता. ते उठले आणि इसाकभाईंसमोर हात जोडून उभे राहिले. इसाकभाईंनी ते हात धरले, खाली केले. "तुम्ही नका जोडू सर," ते म्हणाले, आणि निघून गेले. 'पालकांशी सकारात्मक संवाद साधण्यात आला,' अशी नोंद झाली.

नेरकर सरांनी त्याच आठवड्यात सुधारित योजना सादर केली. ती एका ओळीची होती: 'माणूस अडकलेला दिसल्यास आधी त्याला सोडवावे.' समितीने ती शेऱ्यासह परत पाठवली. शेरा असा: प्रस्ताव स्तुत्य, परंतु कोणी सोडवावे याचा बोध होत नाही. सरांकडचं पद काढून घेतलं गेलं. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी मेन स्विच बंद केला आणि गिझरची वायर बदलायला बसले. ललिताताईंनी काही लेखी दिलेलं नव्हतं.

सरावाचं चित्रण अजून मोबाइलवर फिरतं. त्याला 'खानदेशी मधमाशी डान्स' असं नाव पडलं आहे आणि खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांगच्या रांग आहे. त्यावर विद्यापीठाने नेमलेल्या चौकशी समितीने अंतिम निष्कर्षात उपस्थितांची आणि चित्रण बघणाऱ्यांची वर्गवारी केली: धावून गेलेले एक, बघून हसलेले बाकीचे. अलफिया बांधलेली असताना आपणही, वाचक महोदय, वर कुठेतरी हसलातच. आपली मोजणी दुसऱ्या वर्गात केली आहे. हरकत असल्यास लेखी कळवावी.